विज्ञानकादंबरी आणि दारातले कुत्रे

वाङ्मयाची प्रतवारी लावण्याची आपल्याला मोठी हौस आहे. ग्रंथालयातील फळ्यांवर विषयांच्या चिठ्ठ्या डकविल्या की हळूहळू त्या चिठ्ठ्यांच्या भिंती होतात, आणि एका भिंतीआडचे पुस्तक दुसऱ्या भिंतीआडच्या पुस्तकाशी काही बोलू शकेल ही शक्यताच आपण विसरून जातो. विलेपार्ल्यातील कोणत्याही वाचनप्रिय कुटुंबाचे कपाट उघडून पाहावे. एका फळीवर कुत्र्यामांजरांची पुस्तके दिसतील. मुलांकरिता म्हणून विकत घेतलेली आणि वडीलधाऱ्यांनी दुपारी निवांतपणे वाचून काढलेली. दुसऱ्या फळीवर व्हर्न, वेल्स आणि त्यांचा वंशविस्तार. ही कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची दौलत. पहिल्या फळीला आपण भावनेचे वाङ्मय म्हणतो, दुसरीला बुद्धीचे. एकीत चूल, ओसरी आणि अंगण. दुसरीत चंद्र, मंगळ आणि पाताळ. या दोन फळ्यांवरील पुस्तके आज एक, उद्या दुसरे, अशी आलटून पालटून वाचावीत, असे सुचविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही निव्वळ लहर आहे, असे कोणी म्हणेल. श्रीखंडाबरोबर लसणीची चटणी खाल्ल्याने दोहोंची चव बिघडते, तसेच हे होणार, असाही आक्षेप निघेल. आक्षेप वरवर रास्त दिसतो. परंतु या दोन्ही प्रकारच्या पुस्तकांचे मूळ शोधू गेल्यास ते एकाच ठिकाणी सापडते असे मला वाटते. मनुष्य आपल्या सामर्थ्याने किंवा आपल्या गरजेने दुसऱ्या एखाद्या जीवाला आपल्या पदरी घेतो. त्या जीवाला नकार देण्याची भाषा नसते. मग मनुष्य त्याचे काय करतो? श्वानकथेचा हाच विषय आहे, आणि उत्तम विज्ञानकादंबरीचाही हाच.

प्रथम इतिहासाचा थोडा आधार घेऊ. कुत्रा हा मनुष्याने घडविलेला पहिला प्राणी होय. लांडग्याच्या कुळातून हा सोबती निघाला तो शेतीचा शोध लागण्याच्याही पूर्वी. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याजवळ एक लहान कुत्रा होता. त्या पिलाच्या दातांवरील खुणांवरून ते गंभीर आजारी झाले होते आणि माणसांच्या शुश्रूषेवाचून इतके दिवस जगले नसते, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१८ साली काढला. चाकाचा, नांगराचा, लिपीचा, कशाचाही पत्ता नव्हता तेव्हा कोणी तरी एका निरुपयोगी आजारी पिलाला दिवसचे दिवस पाणी पाजीत बसले होते. मनुष्याच्या पहिल्या निर्मितीबरोबरच तिला सांभाळण्याची जबाबदारीही जन्मास आली, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

मांजराची हकीकत निराळी आहे. शेती आली, कोठारे भरली, उंदीर माजले, आणि उंदरांच्या मागोमाग मांजर आपल्या पायांनी चालत आले. १८६५ साली आपल्या मुंबईतच जन्मलेल्या रडयर्ड किपलिंगने आपल्या १९०२ सालच्या बालकथांच्या पुस्तकात हीच गोष्ट कथारूपाने सांगितली आहे. त्याचा कुत्रा गुहेतील बाईचा सेवक होतो. मांजर मात्र तिच्याशी करार करते आणि कराराबाहेर आपले स्वातंत्र्य राखते. एकूण, कुत्र्याशी आपले नाते धन्याचे आणि मांजराशी तहाचे. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा; विज्ञानकादंबरीत शिरताना तो दिव्यासारखा उपयोगी पडतो.

या दोन फळ्या एकाच लेखकाच्या घरात शेजारी शेजारी नांदल्या, याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे चेक लेखक कारेल चापेक. आज पोरासोरांच्या तोंडी असलेला ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला तो त्याच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून. शब्द सुचविला त्याचा भाऊ योसेफ याने, आणि तो ज्या चेक शब्दापासून निघाला त्याचा अर्थ आहे वेठ. हाच चापेक १९३३ साली ‘दाशेन्का’ नावाचे एका कुत्रीच्या पिलाचे चरित्र लिहितो, स्वतः त्याची चित्रे काढतो, आणि छायाचित्र घेताना पिलू स्थिर बसावे म्हणून त्याला परीकथा सांगतो. पुढे तीनच वर्षांनी, १९३६ साली, त्याची ‘न्यूट प्राण्यांशी युद्ध’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एका दूरच्या बेटाजवळ राहणाऱ्या हुशार जलचरांना एक म्हातारा कप्तान जीव लावतो, शार्क माशांपासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून त्यांना हत्यारे देतो, त्यांच्याकडून मोती काढवून घेतो. कप्तानाच्या मागे हा व्यवहार एका कंपनीच्या हाती जातो. जलचरांची खरेदीविक्री सुरू होते, त्यांना कामास जुंपले जाते, पुढे त्यांच्या हाती शस्त्रे दिली जातात, आणि अखेर ते मनुष्याच्या पायाखालची जमीनच पोखरू लागतात.

‘दाशेन्का’ न वाचता ही कादंबरी वाचणारास तीत केवळ राजकीय उपरोध दिसेल. तो आहेच, आणि हिटलरच्या छायेत तो लिहिला गेला हेही खरे. परंतु ‘दाशेन्का’ वाचून लगेच ती हाती घेतली म्हणजे तिच्यातील खरी दुःखान्त घटना कोणती ते समजते. शेवटचे युद्ध हे तिचे केवळ फळ होय. ज्या दिवशी कप्तानाचे लाडके जीव कंपनीच्या खातेवहीतील आकडे झाले त्याच दिवशी ती घटना घडली. पिलाच्या नाकातोंडाचे, झोपेचे आणि धडपडीचे इतक्या मायेने निरीक्षण करणाऱ्या लेखणीलाच हा फरक इतक्या नेमकेपणाने दाखविता आला.

आता या शाखेच्या आद्य पुरुषाकडे, ज्यूल व्हर्नकडे, वळू. आपल्याकडे त्याचा प्रवेश फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘केरळ कोकिळ’ मासिकातून त्याच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप वाचकांना मिळाले, आणि पुढे भा. रा. भागवतांनी त्याला मराठी मुलांच्या घरात कायमचे बिऱ्हाड करून दिले. व्हर्नच्या १८६५ सालच्या कादंबरीत, माणसे चंद्राकडे पाठविण्यापूर्वी तोफेच्या गोळ्यात एक मांजर आणि एक खार बसवून प्रयोग केला जातो. गोळा समुद्रातून काढून उघडतात तेव्हा मांजर टुणकन् बाहेर उडी मारते. खारीचा पत्ता नसतो. मांजराने प्रवासातच तिचा समाचार घेतलेला असतो! पुढल्या, १८७० सालच्या भागात दोन कुत्री खरोखरच चंद्रयात्रेस निघतात. त्यांतील ‘सॅटेलाइट’ नावाचा कुत्रा उड्डाणाच्या धक्क्याने जखमी होऊन मरतो. त्याचे प्रेत यानाबाहेर लोटून देतात, आणि ते अंतराळात यानाबरोबर तरंगत राहते.

वाचक हसतो आणि पान उलटतो. व्हर्नचीही अपेक्षा तीच आहे. परंतु ज्याने आदल्याच दिवशी एखादी चांगली श्वानकथा वाचली असेल त्याला पान उलटणे तितके सोपे जाणार नाही. तुमचा खेळ होतो पण आमचा जीव जातो, असे ते बाहेर तरंगणारे कलेवर त्याला सांगत राहील. व्हर्नवर अन्याय मात्र होऊ नये. त्याच्याच ‘मिस्टीरियस आयलंड’ मधील टॉप हा कुत्रा पाहावा. बेटावरील विहिरीच्या तोंडाशी तो वारंवार गुरगुरतो. चतुर इंजिनियराला जे ज्ञात नाही, ते, म्हणजे खाली कोणी तरी आहे हे, त्या मुक्या जीवाला ज्ञात असते. टॉपमुळे ती कादंबरी नुसत्या कर्तबगारीच्या यादीतून वर उठते आणि तिच्यात विस्मयाचा खरा स्पर्श येतो.

एच. जी. वेल्स हा व्हर्नहून अधिक गंभीर. त्याच्या ‘इनव्हिजिबल मॅन’ या १८९७ सालच्या कादंबरीचा नायक ग्रिफिन स्वतः अदृश्य होण्याआधी एका पांढऱ्या मांजरावर प्रयोग करतो. मांजर शेजारच्या म्हातारीचे. ती ते शोधीत दारात येते, तेव्हा येथे मांजर नाही असे तिला सांगण्यात येते. मांजर नाहीसे होत जाते. पण डोळ्यांच्या मागचा चकाकणारा पडदा काही केल्या जात नाही. न दिसणारे ते जनावर रात्रभर खोलीत ओरडत राहते, आणि शेवटी खिडकी उघडल्यावर निघून जाते. त्यानंतर चार दिवसांनी लंडनमधील एका रस्त्यावर लोक जमून ‘म्यांव’ कोठून ऐकू येते याचा शोध करताना ग्रिफिनला दिसतात. ग्रिफिन हा खलपुरुष आहे हे सिद्ध करण्यास पुढील खूनमारामारीची वस्तुतः गरजच नव्हती. त्या म्हातारीला दिलेले उत्तर पुरेसे होते. वेल्सने आणखी एक गंमत साधली आहे. हा अदृश्य मनुष्य माणसांना फसवितो, परंतु लंडनच्या रस्त्यावरील एका लहानशा कुत्र्याला फसवू शकत नाही. कुत्र्याचे जग वासाचे असते. तेथे कोणी अदृश्य नसतो.

त्याच्याच ‘डॉक्टर मोरो’ च्या १८९६ सालच्या कादंबरीत जनावरांना कापूनशिवून माणसे बनविण्याचा अघोरी उद्योग आहे. निर्माता मारला जातो, त्याचे कायदे विसरले जातात, सगळे पुन्हा पशुत्वाकडे घसरू लागतात. त्या घसरणीत प्रेंडिक या माणसाची साथ सोडीत नाही तो एकटा श्वानमानव. आणि ती साथ त्याला प्राणाचे मोल देऊन करावी लागते. मोरोने त्याच्या अंगावर लादलेले मनुष्यपण गळून पडले, परंतु कुत्र्याने हजारो वर्षांच्या सहवासात जोडलेले नाते तगून राहिले. शस्त्रक्रियेपेक्षा सोबत अधिक टिकाऊ ठरली. माझ्या मते हाच त्या भीषण पुस्तकातील एकमेव कोवळा किरण आहे, आणि केवळ विज्ञानकादंबऱ्या वाचणाऱ्याच्या नजरेतून तो हटकून निसटतो.

इतका वेळ कुत्र्यामांजरांच्या पुस्तकांची बाजू घेतली. आता त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यांचा मोठा दोष म्हणजे लाडिकपणा. धनी चांगला, कुत्रा त्याहून चांगला, शेवटी कुत्र्याचा मृत्यू आणि वाचकाच्या डोळ्यांत पाणी, हा ठरीव साचा. त्यातील अश्रू खरे असतात. विचार मात्र उंबरठ्यावरच थांबलेला असतो. या धन्याला धनी केले कोणी, हा प्रश्न अशी पुस्तके विचारीतच नाहीत. तो विचारण्याचे धैर्य विज्ञानकादंबरीने दाखविले.

व्हर्जिनिया वुल्फचे ‘फ्लश’ (१९३३) आणि ओलाफ स्टेपल्डनची ‘सिरियस’ (१९४४) ही दोन पुस्तके यासाठी लागोपाठ वाचून पाहावीत. पहिले कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिच्या स्पॅनियल कुत्र्याचे चरित्र. दुसरे, प्रयोगाने मनुष्याइतकी बुद्धी लाभलेल्या एका मेंढपाळी कुत्र्याचे. दोघेही वासाने जग वाचतात, आणि त्या वासांचे वर्णन करताना दोन्ही लेखकांच्या प्रतिभेची कसोटी लागली आहे. फ्लशला लंडनच्या बंद खोलीतून सुटून फ्लॉरेन्सच्या रस्त्यांवर आपल्या जातीचे स्वातंत्र्य मिळते. सिरियसला ते कोठेच मिळणे शक्य नाही. त्याला विचार आहेत पण हात नाहीत. तो शास्त्रज्ञाच्या मुलीबरोबर भावंडासारखा वाढतो, पण त्याच्यासारखा दुसरा कोणी पृथ्वीवर नाही. त्याचा शेवट लोकांच्या भीतीतून आणि बंदुकीच्या गोळीने होतो. ‘फ्लश’ आपल्याला कुत्र्यावर प्रेम करण्यास शिकविते. प्रेमाने केलेली निर्मितीही निर्मिलेल्यावर अन्याय करू शकते हे ‘सिरियस’ शिकविते. पहिल्या पुस्तकाच्या उबेतून उठून दुसऱ्याच्या थंडीत गेल्याखेरीज या दोहोंची खरी किंमत कळत नाही.

मिखाइल बुल्गाकोव्हने ‘कुत्र्याचे काळीज’ १९२५ साली लिहिले. त्याच्या देशात ते छापले जाण्यास १९८७ साल उजाडावे लागले. त्यात रस्त्यावरचा एक भुकेला कुत्रा शस्त्रक्रियेने माणूस होतो आणि लगोलग शहरातील भटकी मांजरे पकडण्याच्या खात्यात अधिकारी होऊन बसतो! अधिकार हाती येताच कालचा दुबळा आजच्या दुबळ्याचा वैरी होतो, हे सत्य इतक्या मोजक्या रेषांत क्वचितच कोणी रेखाटले असेल. अमेरिकन लेखक क्लिफर्ड सिमॅक याने तर १९५२ सालच्या ‘सिटी’ या ग्रंथात सारा डावच उलटविला आहे. तेथे मनुष्य पृथ्वीवरून नाहीसा झालेला असून बोलकी कुत्री त्याच्या जुन्या गोष्टी शेकोटीभोवती सांगतात, आणि त्यांतील पंडित मनुष्य नावाचा प्राणी खरोखर होता काय यावर टीपा लिहितात. आपल्याविषयी आपले कुत्रे कोणती आख्यायिका सांगेल, हा प्रश्न विनोदी खरा; परंतु मनात उतरू लागला की तो विनोदी राहत नाही.

या सगळ्या कल्पित गोष्टींवर प्रत्यक्षाने एकदा शिक्कामोर्तब केले. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली लायका नावाची कुत्री रशियाच्या दुसऱ्या स्पुटनिकमधून अवकाशात गेली. तिला परत आणण्याची योजनाच नव्हती. ती उड्डाणानंतर काही तासांतच अति उष्णतेने मरण पावली, हे जगाला कळले २००२ साली. त्या कार्यातील एक शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी १९९८ साली त्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला. त्या मृत्यूचे समर्थन व्हावे इतके ज्ञान त्यातून हाती लागले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. व्हर्नच्या यानाबाहेर तरंगणारा कुत्रा ८७ वर्षांनी असा खरा झाला. कादंबरीकाराने जे हसत लिहिले ते शास्त्रज्ञाला म्हातारपणी डोळ्यांत पाणी आणून आठवावे लागले.

हे सारे परदेशचे झाले; आपल्या घरी काय आहे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. आपल्या घरी तर या प्रश्नाची थोर परंपरा आहे. महाभारताच्या दोन्ही दारांत कुत्रा उभा आहे. आरंभी, जनमेजयाच्या सत्रात निरपराध कुत्र्याला त्याचे भाऊ मारतात, आणि त्याची आई सरमा येऊन जाब विचारते. तिला कोणी उत्तर देत नाही, म्हणून ती शाप देते. अखेरीस, स्वर्गाच्या दाराशी इंद्र कुत्रा सोडण्यास सांगतो आणि युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. एवढ्या अफाट ग्रंथाचे दोन टोकांचे हे दोन खिळे काही योगायोगाने ठोकलेले नव्हेत. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची आख्यायिका तर घरोघर ठाऊक आहे. अर्वाचीन काळी पार्ल्यात वाढलेले आणि पार्ले टिळक विद्यालयात शिकलेले पु. ल. देशपांडे यांनी ‘हसवणूक’ संग्रहातील ‘पाळीव प्राणी’ या लेखात प्राणी पाळणाऱ्यांच्या हौसेची, ती सोसणाऱ्या पाहुण्याच्या बाजूने, मनसोक्त थट्टा केली. लाडिकपणावर हा उतारा आवश्यकच होता.

मराठी विज्ञानकथा मात्र या परंपरेकडे फारशी वळली नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेने या शाखेला मोठे बळ दिले. १९७४ साली त्याच स्पर्धेत टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवून पारितोषिक मिळविणारे डॉ. जयंत नारळीकर तिचे अग्रणी ठरले. २०२५ साली ते दिवंगत झाले, तेव्हा एक युग संपल्याची भावना सर्वत्र व्यक्त झाली ती यथार्थच होती. विज्ञानाची गोडी लावणे हे या कथेचे आरंभापासूनचे व्रत. म्हणून तिच्यात कल्पना लखलखीत, युक्तिवाद चोख. तिच्या घरात प्रयोगशाळा आहे, सभागृह आहे. ओसरी मात्र क्वचितच दिसते, आणि ओसरीवर बसलेले कुत्रे त्याहून क्वचित. नारळीकरांनी आपल्या यंत्रमानवाला ‘वामन’ हे नाव दिले, यात ज्याला लहान समजून जागा द्यावी त्यानेच सर्व व्यापावे, ही आपल्या पुराणाची भीती अचूक पकडली आहे. तिच्याच जोडीला सरमेचा प्रश्न यावयास हवा होता. सेवक धन्यावर उलटेल काय, ही बळीची चिंता झाली. धन्याने सेवकाशी कसे वागावे, ही युधिष्ठिराची. पहिली चिंता आपल्या विज्ञानकथेने उत्तम मांडली आहे. दुसरी मांडणारा लेखक पुढील पिढीतून निघेल, आणि ज्याने दोन्ही फळ्या वाचल्या आहेत असाच तो असेल.

हा केवळ वाङ्मयाचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांसंबंधी आदेश दिला आणि अकरा दिवसांनी त्यात फेरफार केला, तेव्हा आपल्या उपनगरांतील सोसायट्यांतूनही त्यावरून वादंग माजले. चावा आणि पिसाळरोग यांची भीती खरी आहे. रस्त्यावरील जीवाबद्दलची करुणाही खरी आहे. ज्यांनी केवळ गोड श्वानकथा वाचल्या त्यांना पहिली दिसत नाही. ज्यांनी केवळ यंत्रांच्या आणि योजनांच्या कथा वाचल्या त्यांना दुसरी दिसत नाही. जो प्राणी आपणच हजारो वर्षे घडविला त्याला एकाएकी उपद्रव म्हणून वगळता येत नाही, आणि त्याची नीट व्यवस्था न लावता त्याच्यावर नुसते प्रेम करणे हेही पुरेसे होत नाही, एवढे तरी दोन्ही प्रकारची पुस्तके वाचणारास पटेल.

आज मनुष्य पुन्हा नवे सेवक घडवीत आहे. ते बोलतात, लिहितात, हिशेब करतात. त्यांना सुखदुःख आहे की नाही, याचा निर्णय पंडितांनी करावा. परंतु आज्ञा पाळणाऱ्याशी वागण्याची सवय मनुष्याला लागली ती कुत्र्याच्या सहवासात, आणि ती सवय चांगली की वाईट हे पारखण्याचे साधन तेथेच आहे. म्हणून कोणतीही विज्ञानकादंबरी हाती आली म्हणजे तीतील यान किती वेगाने गेले हे पाहण्याबरोबरच, तीत एखादे कुत्रे वा मांजर असल्यास लेखकाने त्याचे काय केले, हेही पाहावे. आणि कोणतीही श्वानकथा वाचून डोळे पुसल्यावर, या जीवाला माझ्या दारात बांधण्याचा अधिकार मला कोठून आला, हे स्वतःस एकवार विचारावे. ओबरकासेलच्या त्या अनाम माणसांनी आजारी पिलाच्या उशाशी बसून या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले होते. त्यापुढील उत्तर देण्याची पाळी आता आपली आहे.